तिकिटाच्या शेवटच्या पानावर

विमानाचं तिकीट हाताने लिहिणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतली मी. १९७९ साली फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर लागले, तेव्हा पहिला धडा मिळाला तो बॉलपेन दाबून लिहिण्याचा. तिकीट म्हणजे एक आडवं, पातळ पुस्तक. वर ऑडिट कूपन, त्याखाली एजंट कूपन, मग दोन किंवा चार फ्लाइट कूपनं आणि सगळ्यांत खाली पॅसेंजर कूपन. पानांच्या पाठीला लाल कार्बन. वरच्या पानावर लिहिलेलं नाव तळाच्या पानावर स्वच्छ वाचता आलं पाहिजे, नाहीतर विमानतळावर माणसाची अडवणूक व्हायची. संध्याकाळी गिरगावात घरी पोहोचले की बोटं लालभडक. आई विचारायची, "हळदीकुंकवाला गेली होतीस का गं?"

तिकीट लिहून झालं की व्हॅलिडेटर मशीनमध्ये घालायचं, शिक्का उमटवायचा, जाकिटात सरकवायचं आणि प्रवाशाच्या हातात द्यायचं. देताना ठरलेली वाक्यं असायची. विमानतळावर वेळेच्या आधी पोहोचा. सामान वीस किलोच्या वर नको. बॅग फुटली तर सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करा. बॅगेबद्दल एवढं सांगायचो. प्रवाशाच्या अंगाला काही इजा झाली तर काय करायचं, हे मी एकाही माणसाला कधी सांगितलं नाही. मलाच ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि तरी ते माझ्या हातातच होतं. तिकिटाच्या शेवटच्या पानांवर बारीक इंग्रजीत प्रवाशांसाठी सूचना छापलेली असायची. मृत्यू किंवा शारीरिक इजा झाल्यास कंपनीची जबाबदारी मर्यादित राहील. अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या किंवा तिथे ठरलेला थांबा असलेल्या प्रवासाला ती ७५ हजार डॉलर, इतर बहुतेक प्रवासांना सुमारे १० किंवा २० हजार डॉलर. जास्त संरक्षण हवं असेल तर स्वतंत्र विमा उतरवा. म्हणजे मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्या एकाच विमानात शेजारीशेजारी दोघं बसली, एक लंडनला उतरणार आणि दुसरं न्यूयॉर्कला, तर एकाच धक्क्याने दोघांचे हात मोडले तरी भरपाईची कमाल रक्कम वेगळी. मी ही पानं हजारो वेळा उलटली असतील. वाचली नव्हती.

वाचायची वेळ आणली आमच्या चाळीतल्या मावशींनी. १९८६ साली त्या लेकीच्या बाळंतपणाला लंडनला निघाल्या. तिकीट मीच लिहिलं होतं, जायचं-यायचं. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळाची टोपडी असं सगळं वीस किलोत बसवता बसवता आमचा एक रविवार गेला. वाटेत हवाईसुंदरी किटलीतून चहा ओतत असताना विमानाला हिसका बसला आणि उकळता चहा मावशींच्या मांडीवर सांडला. सुती पातळ अंगाला चिकटलं. ते सोडवताना कातडी निघून आली. लंडनला उतरल्या त्या थेट इस्पितळात गेल्या. लेकीचं करायला गेलेली आई सहा आठवडे लेकीकडूनच पट्ट्या बदलून घेत होती, आणि बाळाला मांडीवर घेणं काही तिच्या नशिबी आलं नाही. मावशींना दुखलं ते हे.

परत आल्यावर आम्ही पत्रं लिहिली. मी ऑफिसच्या टाइपरायटरवर लिहायची, मावशी मराठीत सही करायच्या. कंपनीची उत्तरं फार सभ्य असायची. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. प्रकरण विचाराधीन आहे. कृपया डॉक्टरांचे कागद पाठवा. पाठवलेले कागद पुन्हा पाठवा. असं करत सव्वादोन वर्षं गेली. शेवटी मी त्यांना घेऊन दादाभाई नवरोजी रस्त्यावरच्या एका वकिलांकडे गेले. मावशींनी पॅसेंजर कूपन पासपोर्टच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. वकिलांनी तारीख पाहिली, कपाटातून कायद्याची एक पातळ पुस्तिका काढली, एका नियमावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, उतरल्याच्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत दावा लावायला हवा होता. पत्रव्यवहार चालू होता म्हणून मुदत थांबत नाही. हक्कच संपला."

ती पुस्तिका म्हणजे १९७२ चा विमान वाहतूक कायदा. त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही. ज्या कागदावर मी रोज आठ तास लिहीत होते, तो कुठून आला, त्याच्या शेवटच्या पानावरचे आकडे कोणी ठरवले, हे मला कळून घ्यायचं होतं.

त्या आकड्यांचा उगम आहे वॉर्सामध्ये. १९२० च्या दशकात विमान हे लाकूड, कापड आणि धाडसाचं वाहन होतं. कंपन्या लहान, अपघात वारंवार, आणि प्रत्येक देशाचा कायदा निराळा. बऱ्याच कंपन्या तिकिटावरच छापून टाकायच्या की काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. फ्रेंच सरकारने १९२५ मध्ये पॅरिसला परिषद बोलावली, तिने कायदेतज्ज्ञांची समिती नेमली, समितीने मसुदा केला आणि १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सात करारावर सह्या झाल्या. करार फ्रेंच भाषेत होता आणि अधिकृत मजकूर तेवढाच. पुढे साठ वर्षं न्यायाधीश त्यातल्या एकेका फ्रेंच शब्दाचा कीस काढत बसले, त्याचं मूळ इथे आहे.

या करारात देवाणघेवाण होती, आणि त्यातली प्रवाशाची बाजू मी नाकारणार नाही. विमानात, किंवा विमानात चढता-उतरताना, अपघात होऊन प्रवाशाला इजा झाली तर चूक कंपनीचीच, असं गृहीत धरायचं ठरलं. इजा टाळण्यासाठी लागणारे सगळे उपाय केले होते, हे कंपनीने सिद्ध करायचं. आकाशात काय बिघडलं ते जमिनीवरच्या विधवेने कसं सिद्ध करावं? ते ओझं तिच्या डोक्यावरून उतरलं. ‘आम्ही जबाबदार नाही’ असं छापण्याची मुभाही गेली. मोबदल्यात कंपनीला काय मिळालं, तर मर्यादा. एका प्रवाशामागे जास्तीत जास्त सव्वा लाख फ्रँक. कंपनीने जाणूनबुजून केलेलं कृत्य दाखवता आलं तर ही मर्यादा मोडायची.

हे फ्रँक बाजारातले नव्हते. कराराने त्यांचं वजन सांगितलं होतं: एक फ्रँक म्हणजे हजारात नऊशे शुद्धतेचं साडेपासष्ट मिलिग्रॅम सोनं. मी एका संध्याकाळी हा हिशेब वहीत मांडला. सव्वा लाख फ्रँक म्हणजे ८ किलो १८७ ग्रॅम मिश्र सोनं, शुद्ध धरलं तर ७ किलो ३६९ ग्रॅम. करार झाला तेव्हाच्या भावाने याचे सुमारे ४९०० डॉलर व्हायचे. १९३४ मध्ये अमेरिकेने सोन्याचा सरकारी भाव वाढवला, तेव्हा ते ८३०० झाले. पुढे बाजारात सोनं कितीतरी वर गेलं. कोर्टं मात्र जुन्याच सरकारी भावाला धरून राहिली. मालवाहतुकीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हेच कायम केलं. माणसाची किंमत सोन्यात लिहिली आणि चुकती केली कागदात. सात किलो सोन्याचं आज सराफकट्ट्यावर काय येतं, ते वाचकांनी स्वतः गुणून पाहावं.

आपल्याकडे हा करार १९३४ च्या कायद्याने आला. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मुंबईहून लंडनला आपली स्वतःची विमानसेवा ८ जून १९४८ ला सुरू झाली, ‘मलबार प्रिन्सेस’ नावाच्या विमानाने, कैरो आणि जिनिव्हामार्गे. तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० ला माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. आत ४० खलाशी होते, इंग्लंडमध्ये बोटीवर रुजू व्हायला निघालेले, आणि ८ कर्मचारी. कोणी वाचलं नाही. तेव्हाही वॉर्साचा आकडा तोच होता, एकवीस वर्षांपूर्वीचा.

त्याच काळात अमेरिकेत एका गायिकेचा खटला गाजत होता. जेन फ्रोमन ही तिकडची नावाजलेली आवाजाची बाई. २२ फेब्रुवारी १९४३ रोजी ती सैनिकांपुढे गायला युरोपात निघाली होती. पॅन अमेरिकन कंपनीचं ‘यँकी क्लिपर’ हे पाण्यावर उतरणारं विमान लिस्बनच्या नदीत कोसळलं. ३९ पैकी २४ जण गेले. फ्रोमन वाचली, पण पाय कायमचा जायबंदी झाला आणि एकामागून एक शस्त्रक्रिया सुरू झाल्या. तिने दावा लावला, तेव्हा भांडण येऊन ठेपलं ते तिकिटावर. करारातलं एक कलम असं होतं की प्रवाशाला तिकीट दिलंच नसेल तर कंपनीला मर्यादेचा आसरा नाही. फ्रोमनच्या वकिलांचं म्हणणं, तिच्या हातात तिकीट पडलंच नव्हतं. तिच्या वतीने दुसऱ्याच माणसाने ते घेतलं होतं. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने १९४९ मध्ये निकाल दिला: तिच्या वतीने घेतलं म्हणजे तिलाच दिलं. मर्यादा लागू. गाणाऱ्या बाईच्या आयुष्याची किंमत ८३०० डॉलरच्या आसपास येऊन थांबली. तिच्या आयुष्यावर १९५२ मध्ये हॉलिवूडने चित्रपट काढला.

हा खटला वाचला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तिकीट प्रवाशाच्या हातात देणं म्हणजे त्याची सोय करणं, असं मी समजत आले होते. प्रत्यक्षात ते हातात पडलं की कंपनीच्या हाती ढाल येत होती, आणि ती ढाल दाबून लिहून, शिक्का मारून, हसतमुखाने देणारी मी होते.

मग अमेरिकन कोर्टांनी या ढालीला भोकं पाडायला सुरुवात केली, आणि त्यातलं सगळ्यांत मोठं भोक टाइपाच्या आकाराचं आहे. २६ फेब्रुवारी १९६० ला रोमहून न्यूयॉर्कला निघालेलं अलितालियाचं विमान आयर्लंडमधल्या शॅननला कोसळलं. ५२ पैकी ३४ जण दगावले. तिकिटावर मर्यादेची सूचना होती, पण अक्षरं इतकी बारीक की न्यायाधीशांनी विचारलं, हे प्रवाशाला कळावं अशी अपेक्षा तरी होती का? न वाचता येणारी सूचना म्हणजे सूचनाच नाही. १९६६ मध्ये अपील कोर्टाने प्रवाशांच्या बाजूने कौल दिला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडली, म्हणून खालचा निकाल राहिला.

दरम्यान मर्यादा वाढवायचा एक प्रयत्न १९५५ मध्ये हेगला झाला होता. सव्वा लाखाचे अडीच लाख फ्रँक झाले, म्हणजे सुमारे १६,६०० डॉलर, पुढे डॉलर घसरल्यावर २० हजार. आपण हे १९७२ च्या कायद्याने स्वीकारलं. मावशींच्या तिकिटाला लागू होते ते हेच वीस हजार. अमेरिकेला मात्र एवढ्याने समाधान नव्हतं. १५ नोव्हेंबर १९६५ ला तिने सहा महिन्यांची नोटीस दिली की आम्ही वॉर्सा करारातून बाहेर पडतो. विमानकंपन्यांची धावपळ उडाली. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, १३ मे १९६६ ला, त्या कबूल झाल्या: अमेरिकेशी संबंध असलेल्या प्रवासासाठी ७५ हजार डॉलर देऊ, आणि त्या रकमेपर्यंत ‘सगळे उपाय केले होते’ हा बचावही घेणार नाही. दुसऱ्या दिवशी अमेरिकेने नोटीस मागे घेतली.

माझ्या तिकिटाच्या शेवटच्या पानावरचे दोन आकडे असे आले. एका देशाने टेबलावर हात आपटला म्हणून त्याच्या वाटेवरच्या प्रवाशाला ७५ हजार. बाकीच्यांच्या सरकारांनी आपटला नाही म्हणून वीस. मला हा अन्याय वाटला, आजही वाटतो.

त्या १९६६ च्या कबुलीत एक अट छपाईची होती. सूचना निदान दहा पॉइंटच्या टाइपात, कागदावर उठून दिसेल अशा शाईत हवी. दहा पॉइंट म्हणजे साधारण पुस्तकातला मजकूर. आठ पॉइंट म्हणजे वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, २६९ माणसं गेली. त्यांच्या तिकिटांवर सूचना निघाली आठ पॉइंटची. दोन पॉइंट कमी म्हणून कंपनीची ढाल काढून घ्यायची का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. एप्रिल १९८९ मध्ये उत्तर आलं, नाही. शिक्षा आहे ती तिकीट न दिल्याची. बारीक छापल्याची शिक्षा करारात लिहिलेली नाही. हा निकाल आल्यानंतर मी पट्टी आणि भिंग घेऊन ऑफिसातली जुनी तिकिटं तपासत बसले होते. साहेब म्हणाले, काय शोधतेस? मी म्हटलं, मावशींना वाचता आलं असतं का ते बघते. मावशी सातवी पास होत्या. अक्षर दहा पॉइंटचं असतं तरी भाषा इंग्रजीच होती.

‘अपघात’ या शब्दाचीही अशीच लढाई झाली. आपण अपघात म्हटलं की विमान कोसळल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. करारात तसं कुठे म्हटलेलं नाही. १९८० मध्ये पॅरिसहून लॉस एंजेलिसला उतरताना एका बाईंच्या डाव्या कानाला कायमचं बहिरेपण आलं. विमानातल्या हवेच्या दाबाची यंत्रणा ठीक चालू होती. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा नाकारला, पण जाता जाता व्याख्या करून ठेवली: अपघात म्हणजे प्रवाशाच्या शरीराबाहेर घडलेली अनपेक्षित किंवा नेहमीपेक्षा वेगळी घटना. या एका वाक्यावर पुढचे किती दावे जिंकले गेले! १९९८ मध्ये दम्याचा त्रास असलेले एक डॉक्टर ऑलिंपिक एअरवेजच्या विमानात धूम्रपानाच्या रांगांजवळ बसले होते. त्यांच्या पत्नीने जागा बदलून द्या म्हणून तीनदा विनवलं. विमान भरलंय, असं सांगितलं गेलं. अकरा जागा रिकाम्या होत्या. डॉक्टर विमानातच गेले. २००४ मध्ये न्यायालयाने ठरवलं, मदत नाकारणं हाही अपघातच.

मनाच्या जखमेला मात्र त्या न्यायालयाने जागा दिली नाही. १९८३ मध्ये मायामीहून बहामाला निघालेल्या विमानाची तिन्ही इंजिनं बंद पडली, कारण देखभालीत तेलाची गळती रोखणाऱ्या लहानशा रबरी कड्या बसवायच्याच राहिल्या होत्या. समुद्रात उतरायची तयारी करा, असं प्रवाशांना सांगून झालं. मग एक इंजिन सुरू झालं आणि विमान सुखरूप परतलं. ती काही मिनिटं ज्यांनी काढली त्यांना १९९१ मध्ये उत्तर मिळालं की करारातल्या फ्रेंच शब्दांचा अर्थ शारीरिक इजा. निव्वळ भीतीची भरपाई नाही. पुढच्या करारातही हा शब्द तसाच ठेवला गेला. हे चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईकरांना या विषयात एक रात्र विसरता येत नाही. १ जानेवारी १९७८. मी कॉलेजात होते. रात्री आठनंतर सांताक्रूझहून दुबईला उडालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात गेलं. २१३ माणसं. आखातात पोटासाठी निघालेले कितीतरी. कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र चुकीचं दाखवत होतं आणि अंधारात समुद्रावर क्षितिज दिसत नव्हतं. विमान बनवणाऱ्याला आणि यंत्रं पुरवणाऱ्याला वॉर्साची ढाल नसते, म्हणून नातेवाईक अमेरिकेतल्या कोर्टात त्यांच्यावर गेले. १९८५ मध्ये तिथे निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले गेले.

बदल आला तो नव्वदच्या दशकात, आणि सुरुवात जपानने केली. १९९२ मध्ये जपानी विमानकंपन्यांनी आपण होऊन मर्यादा सोडली. १९९५ मध्ये जगभरच्या कंपन्यांच्या संघटनेने क्वालालंपूरला तोच रस्ता धरला. मग २८ मे १९९९ ला माँट्रियलचा करार झाला आणि २००३ पासून अमलात आला. सोन्याचे फ्रँक गेले, त्यांच्या जागी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं एसडीआर हे परिमाण आलं. प्रमुख चलनांच्या मिश्रणावरून त्याचं मोल ठरतं. पहिल्या एक लाख एसडीआरपर्यंत कंपनीची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच विचारायचा नाही. त्यापुढे मर्यादाच नाही. पण आपला निष्काळजीपणा नव्हता, हे कंपनीने सिद्ध केलं तर ती सुटते. ही लाखाची पायरी महागाईप्रमाणे वाढत जाते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१,८८० एसडीआर आहे, रुपयांत दीड कोटीच्या वर. आणखी एक मोठी गोष्ट झाली. पूर्वी दावा कंपनीचं घर, तिचं मुख्य कार्यालय, तिकीट जिथे घेतलं ते तिचं कार्यालय किंवा प्रवासाचं शेवटचं ठिकाण अशा चारच जागी लावता यायचा. आता कंपनीची सेवा तिथे असेल तर प्रवासी स्वतः कायम जिथे राहतो, तिथेही लावता येतो.

भारत या करारात यायला दहा वर्षं लागली. ३० जून २००९ ला तो आपल्याकडे लागू झाला, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, २२ मे २०१० ला, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून दरीत गेलं. १५८ मृत्यू, आठ जण वाचले. लाख एसडीआर ही किमान रक्कम आहे का, जी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे? केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी २०११ मध्ये हो म्हटलं, तेव्हाच्या दराने ७५ लाख रुपये. त्याच वर्षी खंडपीठाने ते फिरवलं: जेवढं नुकसान सिद्ध होईल तेवढं. म्हणजे ज्याच्या पगाराचे कागद नाहीत, त्या मजुराच्या आईला पुन्हा कागदच शोधायचे. याच अपघातातल्या एका ४५ वर्षांच्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या पीठाने ७ कोटी ६४ लाख रुपये मंजूर केले. पगार वेगवेगळ्या भत्त्यांत विभागून दाखवला म्हणून त्यातले भत्ते वजा करता येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. दहा वर्षं लागली, पण त्या घराने वेळेत दावा लावला होता.

आणि चहाचं काय झालं? १९ डिसेंबर २०१९ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका सहा वर्षांच्या मुलीचा निकाल दिला. मायोर्काहून व्हिएन्नाला जाताना वडिलांच्या ट्रेवरचा गरम कॉफीचा पेला निसटून तिच्या अंगावर सांडला होता. पेला का निसटला हे शेवटपर्यंत कळलं नाही. कंपनीचं म्हणणं, हा उड्डाणाशी निगडित धोका नव्हे. न्यायालय म्हणालं, तशी अट करारात नाही. गरम पेला अंगावर सांडला, हा अपघात. मावशी तेव्हा हयात नव्हत्या. मी तो निकाल त्यांच्या लेकीला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईच्या मांडीवरचा डाग शेवटपर्यंत होता गं."

कागदी तिकीट १ जून २००८ पासून जगभर बंद झालं. शेवटचं पान आता मोबाइलवर आलेल्या ईमेलच्या तळाशी असतं आणि ते अजूनही कोणी वाचत नाही. आकडे वाढले, मर्यादा हटली, कोर्टं घराजवळ आली. १९२९ पासून एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे, दोन वर्षांची मुदत.

म्हणून, मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनो आणि त्यांची तिकिटं काढणाऱ्या मुलांनो, माझं एवढं ऐका. विमानात भाजलं, पडलात, वरच्या कप्प्यातली बॅग डोक्यावर आली, तर तिथल्या तिथे कर्मचाऱ्यांकडून लेखी नोंद करून घ्या आणि शेजारच्या प्रवाशाचं नाव-फोन घ्या. उतरल्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा. बोर्डिंग पास फेकू नका. जायचं-यायचं तिकीट असेल तर कायद्याच्या दृष्टीने शेवटचं ठिकाण म्हणजे जिथून निघालात तेच. मुंबईहून निघाला असाल तर दावा मुंबईत लावता येतो. कंपनीची पत्रं कितीही गोड असली तरी त्यांच्या भरवशावर बसू नका. उतरल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, तिच्यापुढे दोन वर्षं मोजा, आणि त्याच्या आत दावा कोर्टात दाखल करा.